फियाट पुन्हा उभी करताना

जुनी छोटी मोटार पुन्हा उभी करण्याच्या छंदात तीन वेगवेगळी कामे एकाच नावाखाली खपून जातात. पहिले काम म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी करणे. यात रंगाची छटा, सीटचे कापड, बंपरचा क्रोम, सगळे त्याच सालाचे असावे लागते. दुसरे काम गाडी चालती आणि भरवशाची करण्याचे. हेडलाइटची काच पुढच्या सालातली निघाली तरी इथे कोणाचे बिघडत नाही. तिसरे काम बदलाचे: जुन्या अंगात नवे इंजिन, डिस्क ब्रेक, रुंद चाके. तिन्हींना लागणारा पैसा वेगळा, कारागीर वेगळे आणि कागदपत्रेही वेगळी. यांतले नेमके काय करायचे हे न ठरवता गाडी खोलली, की ती बहुधा खोललेल्या अवस्थेतच राहते.

मराठी मुलखात या छंदाच्या केंद्रस्थानी एकच गाडी आहे: मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजबांधणी आणि विमान कारखाना यांच्या जोडीने मोटार उद्योगाचाही ध्यास घेतला होता. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अवजड अमेरिकी गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या नव्हत्या. मग कंपनी इटलीच्या फियाटकडे वळली. आधी ५६९ सीसीची चिमुकली फियाट ५०० आली आणि १९५४ पासून १,०८९ सीसीची ११००.

पहिल्या ११०० ला मुंबईकरांनी तिच्या गोल अंगावरून आणि पुढे आलेल्या नाकावरून ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि हे नाव जाणकारांच्या तोंडी अजूनही आहे. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर डिलाइट असे टप्पे येत गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १२,००० रुपयांना घेतलेली १९६४ सालची फियाट याच घराण्यातली. तिच्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज काढले होते, आणि ती गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आजही ठेवलेली आहे. पुढे फियाटबरोबरचा करार संपला. गाडीचे नाव काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. अंग मात्र मुख्यतः डिलाइटचेच राहिले आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत त्यात फारसा फरक पडला नाही.

तीस-पस्तीस वर्षे एकच गाडी विकली जाण्याचे कारण उघड होते. परवाना राज्यात नव्या मॉडेलला सहजासहजी परवानगी नव्हती आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकाला फारसा पर्यायही नव्हता. पण ग्राहकाला जे जाचले तेच छंदिष्टाच्या पथ्यावर पडले. १९९० च्या पद्मिनीचे कितीतरी भाग १९६६ च्या डिलाइटला थेट बसतात. पिस्टन, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, दरवाजाचे रबर यांत साल पाहावे लागत नाही. दर पाच वर्षांनी मॉडेल बदलणाऱ्या देशांत ही चैन नाही. ज्या गाडीला तिच्या उमेदीच्या काळातच जुनाट म्हणून हिणवले गेले, तिची आज सांभाळणी सोपी आहे ती याच जुनाटपणामुळे.

याच छंदात इतर काही गाड्याही दिसतात. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची हेराल्ड १९६१ पासून रस्त्यावर आली. ती ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती, अंगाचा आराखडा इटालियन जोव्हानी मिकेलोत्तीचा. तिला स्वतंत्र चॅसी आहे आणि बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते, त्यामुळे इंजिनाभोवती उभे राहून काम करता येते. १९७० च्या दशकातली चार दरवाजांची स्टँडर्ड गॅझेल हे तिचेच पुढचे रूप. मॉरिस मायनर आता विरळ झाली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली मारुती ८०० ही पुढच्या पिढीची जुनी गाडी ठरते आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ ही अस्सल मराठी छोटी मोटार मात्र नमुन्यांपुरतीच राहिली. तिला उत्पादनाचा परवानाच मिळाला नाही, त्यामुळे पुनर्बांधणीच्या बाजारात तिला जागा नाही.

गाडी निवडताना नवखा माणूस आधी इंजिन सुरू होते का ते पाहतो, आणि इथेच चुकतो. बंद इंजिन ही या व्यवहारातली सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. पाहायचे ते दोन: पत्रा आणि कागद.

पत्र्याच्या दृष्टीने गाडी कुठे राहिली याला फार महत्त्व आहे. मुंबई आणि कोकणातल्या गाडीला खारी दमट हवा आतून खाते. वरचा रंग चकचकीत दिसतो आणि खालचा पत्रा हाताने मोडतो. खानदेश, वऱ्हाड आणि निमाडातल्या कोरड्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचे दुखणे वेगळे असते. उदाहरणार्थ, तुकईथड हे अकोला–खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरचे गाव, मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, पण मेळघाटाच्या आणि महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. अशा ठिकाणी गोठ्याच्या बाजूला किंवा जिनिंगच्या आवारात पंधरा-वीस वर्षे उभी असलेली गाडी सापडली, तर तिचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो, रबर दगड झालेले असते, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. पण तळाचा पत्रा शाबूत असण्याची शक्यता मुंबईच्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त. रबर आणि वायरी विकत मिळतात. तळ विकत मिळत नाही. म्हणून मुंबई-पुण्याचे जाणकार गाडी शोधायला आतल्या गावांकडे येतात, आणि ‘भंगारात देऊ का?’ असे विचारणाऱ्या मालकाला त्यांनी सांगितलेली किंमत खोटी वाटते.

कागदांचा प्रश्न त्याहून अवघड. आरसी बुकातले चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी जुळले पाहिजेत. आरटीओ चॅसी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेली छाप मागते ती यासाठीच. जुन्या गाड्यांत इंजिन कधीकाळी बदललेले असते आणि त्याची नोंद करायची राहिलेली असते. अनेकदा मूळ मालक हयात नसतो आणि गाडी वारसांच्या नावावर झालेलीच नसते. असा व्यवहार आधी वारस नोंदीने सरळ करावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ ला या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले होते, आणि शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीच्या विलंबाचा दंड वेगळा.

हद्दीवरच्या गावांना यात आणखी एक फेरा आहे. तुकईथडच्या माणसाने धारणी-अमरावतीकडची एमएच २७ किंवा अकोल्याची एमएच ३० क्रमांकाची गाडी घेतली, तर आधी त्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणावे लागते. मग हस्तांतरासाठी नमुने २९ आणि ३०, मध्य प्रदेशचा कर आणि एमएचऐवजी बुऱ्हाणपूरची एमपी ६८ मालिका. दोन गावांमधले अंतर दुचाकीने कापण्याइतके असते, पण कागद दोन राज्यांतून फिरतो. महाराष्ट्राच्या जुन्या क्रमांकाची हौस असेल तर गाडी तिकडच्याच नातेवाइकाच्या नावावर ठेवण्याचा मोह होतो. अपघात झाला की विम्याच्या दाव्यात हाच मोह महागात पडतो.

आता पत्र्याकडे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. तिचे पत्र्याचे अंग हाच सांगाडा: तळ, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, पुढची भिंत आणि छत मिळून सगळा भार उचलतात. म्हणून दरवाजाखालची पट्टी गंजली, की ते केवळ दिसण्याचे व्यंग राहत नाही. गाडी मधून वाकते. अशा गाडीचा दरवाजा उघडला की खाली बसतो आणि लावताना उचलावा लागतो. तपासणीची रीत साधी आहे. मॅट उचलायचे, डिकीतले जादा चाक काढायचे, जॅक लावायच्या जागा, पुढच्या स्प्रिंगच्या बैठका आणि मागच्या पाट्यांची टोके स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहायची. बाहेरच्या अंगावर फडक्यात गुंडाळलेले लहान चुंबक फिरवायचे. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. टॅक्सीतून खासगी केलेल्या गाडीत काही ठिकाणी बोटभर जाडीची लांबी निघते, आणि तिच्याखाली आधीच्या अपघाताचा इतिहास.

कुजका भाग कापण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आडवे-उभे पाइप टाके मारून गाडी जखडून घ्यावी लागते. हे न करता दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम कापल्या तर अंग काही मिलिमीटर सरकते, आणि मग नवा दरवाजा, नवी काच, काहीच जागेवर बसत नाही. चांगला डेंटर एक बाजू कापतो, जोडतो, दरवाजा लावून फट मोजतो आणि मगच दुसरीकडे वळतो. जोडकामाला आता सीओटू वेल्डिंग वापरतात. गॅस वेल्डिंगची आच पसरट असते आणि पातळ पत्रा तिने लाटा घेतो. जुने कारागीर गॅसवरही सफाईदार काम करत, पण ते हात आता कमी राहिले. नव्या तुकड्याला आतून गंजरोधक लावता येईल अशी सोय ठेवणे आणि पोकळ पट्ट्यांतून पाणी निघायची भोके मोकळी ठेवणे, या दोन गोष्टी ग्राहकाला दिसत नाहीत म्हणून सर्रास वगळल्या जातात. पाच पावसाळ्यांनंतर त्या दिसतात.

रंगाच्या आधीची तयारीच रंगाचे आयुष्य ठरवते: जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवणे, इपॉक्सी प्रायमर, पातळ लांबी, पाणपेपरने घासणे, पुन्हा प्रायमर. पूर्वी गाड्यांना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारत, त्याला दर काही महिन्यांनी पॉलिश लागे. आता पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात, जो काचेसारखा चमकतो. काटेकोर जाणकारांना हीच चमक खटकते. १९६० च्या दशकातली कोणतीच फियाट इतकी चकाकत नव्हती. मूळ रंगाची छटा शोधायची तर डॅशबोर्डच्या मागे, दरवाजाच्या आतल्या कापडी पॅनेलखाली किंवा छताच्या अस्तराआड पाहावे. तिथे कुणी पुन्हा रंग मारत नाही.

इंजिनावर एवढे लिहायची गरज नाही. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर फेरी, जवळपास ४० अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. इलेक्ट्रॉनिक काही नाही. अडकलेल्या इंजिनात प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून काही दिवस ठेवतात आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलके हलवतात. स्टार्टर मारून फिरवायला गेले की रिंगा तुटतात. पुढचे काम लेथवर: झिजलेल्या सिलिंडरला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग, आणि आधीच पुरेसे बोअर झालेल्या ब्लॉकला नव्या स्लीव्ह. बुऱ्हाणपूर हे पॉवरलूमचे शहर असल्याने खरादीचे काम करणारे तिथे दुर्मीळ नाहीत, आणि पंपसेट-ट्रॅक्टरची इंजिने बांधणाऱ्या मिस्त्रीला फियाटचे इंजिन परके वाटत नाही. सांभाळायचे ते हेड. गाडी एकदा जबर तापली की ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागतात. अशा हेडला फेसिंग करून सपाट करतात. मात्र दरवेळी थोडा धातू जातो, म्हणून हे काम अनेकदा करता येत नाही. निमाडच्या उन्हाळ्यात रेडिएटर आतून साफ असणे हे पिस्टन नवे असण्यापेक्षा महत्त्वाचे.

इंधनाने अलीकडे नवा प्रश्न उभा केला आहे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. ते पेट्रोल भारतात २००० साली पूर्ण बंद झाले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगवते, टाकीतला साचलेला गंज सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये आणते, आणि हवेतले पाणी ओढून घेते. उपाय खर्चिक नाही: इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे, टाकी आतून धुऊन घेणे, काचेचा फिल्टर आणि मिश्रण किंचित घट्ट करण्यासाठी थोडा मोठा जेट. उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडण्याचा जुना रोगही इथेनॉलने वाढतो. पंपावर ओले फडके टाकायचा टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही लागू पडतो, मात्र पंपाला उष्णतारोधक पत्री बसवणे अधिक शहाणपणाचे.

सुट्या भागांचा बाजार हे या छंदाचे दुसरे अंग. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसची सुट्या भागांची दुकाने, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट अशी ठिकाणे ठरलेली आहेत. मुंबईच्या टॅक्सी हा या बाजाराचा मोठा झरा होता. टॅक्सीची वयोमर्यादा आधी २५ आणि मग २० वर्षे झाली तशा हजारो पद्मिनी मोडीत निघाल्या, आणि त्यांचे दरवाजे, डिकी, गिअरबॉक्स, मीटर बाजारात आले. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, आणि तो झरा आटला. शिवाय आता मोडीत काढायची गाडी अधिकृत केंद्रावर जाते. तिथे ती दाबून पोलाद म्हणून निघते, भाग वेगळे होऊन दुकानात येण्याचे प्रमाण कमी होत जाणार हे उघड आहे. ब्रिटनमध्ये मूळ ऑस्टिन-मॉरिस मिनीचे, जी १९५९ ते २००० अशी चालली, अख्खे नवे पत्र्याचे अंग ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था मूळ साच्यांवर अजून बनवून देते. कुर्ल्याच्या साच्यांचे असे काही झाले नाही. इथे पद्मिनीचा पुढचा मडगार्ड हवा असेल, तर तो जुना शोधायचा किंवा हातोडी आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून घडवायचा, एवढेच दोन मार्ग. लहान भाग जास्त छळतात: दरवाजाच्या मुठी, ग्रिलची पट्टी, ‘प्रीमियर’ची अक्षरे, मागच्या दिव्याची काच. सालागणिक त्यांत बारीक फरक आहेत आणि प्रदर्शनात परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

बदल करणाऱ्यांचे जग याहून वेगळे आणि थोडे बेदरकार. याचीही परंपरा आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आणि मुंबईत जुहूला शर्यती होत, तेव्हा फियाट आणि हेराल्ड यांचीच इंजिने तासून, हेड घासून दाब वाढवून, दोन कार्ब्युरेटर लावून पळवली जात. परदेशात हेच काम मिनीवर जॉन कूपर यांनी आणि छोट्या फियाटवर कार्लो अबार्थ यांनी केले. मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. आजचे सामान्य बदल असे: १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनईचे निसान इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीत बसवणे, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली जमिनीवर आणणे, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पुढे डिस्क ब्रेक, अलॉय चाके.

यांतला क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो उलटा लावतात. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक-तेलाची एकच वाहिनी असते. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. म्हणून पहिला खर्च दोन वाहिन्यांच्या मास्टर सिलिंडरवर आणि डिस्कवर व्हावा, मग टायरवर, मग सीटबेल्टवर, आणि इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी. गाडी खाली बसवण्यासाठी पुढच्या स्प्रिंगची वेटोळी कापण्याची फॅशन तर निव्वळ घातक. स्प्रिंग कडक होते, चाकाची चाल कमी होते आणि पहिल्या स्पीडब्रेकरला तळ घासतो. याउलट डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणे हा जवळजवळ निर्दोष बदल आहे: थांबलेल्या गाडीचे दिवे मंदावत नाहीत, आणि जुना डायनॅमो जपून ठेवला तर कधीही परत लावता येतो. परत फिरवता येणारा बदल आणि न येणारा बदल, हा फरक करवत हातात घेण्याआधी करायचा असतो.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. किरकोळ जोडणी चालते. गाडीची मूळ रचना बदलून चालत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. सीएनजी किंवा विजेवर चालण्याचे संच बसवता येतात, पण ते पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने त्या वाहनासाठी मान्य केलेले असावे लागतात. कुर्ल्यातल्या लेथवर बनवलेल्या माउंटिंगवर बसवलेले दुसरे इंजिन कितीही सुरेख चालले, तरी विमा कंपनीच्या लेखी ते त्या गाडीत नसते.

दुसऱ्या टोकाला व्हिंटेज वाहनांचे नियम आहेत, १५ जुलै २०२१ ला अधिसूचित झालेले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी वा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीची नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अट अशी की गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. जागतिक महासंघ ‘फिवा’ तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानतो. आपली मर्यादा वीस वर्षांनी कडक. परिणामी डुक्कर फियाट आणि डिलाइट यात सहज बसतात, पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे उंबरठ्यावर आल्या आहेत, आणि १९८५ ची पद्मिनी कितीही निगुतीने राखली तरी कायद्याच्या नजरेत ती नुसती जुनी गाडी. मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन यांसारख्या संस्थांच्या वर्तुळात अशा मधल्या वयाच्या गाड्यांनाही जागा मिळते.

खर्चाचा ढोबळ अंदाज एवढाच देता येतो की पत्रा आणि रंग मिळून इंजिनाच्या कित्येक पट पैसे घेतात, आणि पूर्ण झालेली पद्मिनी विकून ते क्वचितच वसूल होतात. आधीच चांगल्या अवस्थेतली गाडी जास्त पैसे देऊन घेणे हे मोडकी स्वस्तात घेऊन बांधण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी खर्चाचे असते. अर्थात, ज्यांना बांधण्यातच रस आहे त्यांना हा हिशोब सांगून उपयोग नसतो.

बांधून झालेली गाडी लगेच लांबच्या प्रवासाला न्यायची नसते. नवे पिस्टन आणि रिंगा सिलिंडरशी बसेपर्यंत, म्हणजे पहिले हजारएक किलोमीटर, इंजिन ताणायचे नाही आणि एकाच वेगावर फार वेळ ठेवायचेही नाही. पाचशे किलोमीटरला तेल बदलून, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा कसून, टॅपेटच्या फटी मोजायच्या. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतले की त्यात बेअरिंगची चमक आहे का ते कळते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची तार सोडवायची, हँडब्रेक न लावता चाकाला गुटका द्यायचा, कारण ओढून ठेवलेला ब्रेक ड्रमला चिकटतो, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये न ठेवता काढून टाकायचे.